पाचिरिसूची गोष्ट आणि पाचिरिसूचा संघ

गेली सात-आठ वर्षे मी वेताळवाडीच्या किल्ल्यावरील शरभशिल्पांच्या नोंदी ठेवतो आहे. किल्ला सोयगावच्या अगदी जवळ आहे. पण आमच्या तालुक्यात येणारा अभ्यासक अजिंठ्याची लेणी पाहतो आणि फर्दापूरहूनच माघारी फिरतो. त्यामुळे दरवाजावरच्या शरभांपुढे वही घेऊन उभा असलेला माणूस बहुधा मी एकटाच असतो. मी कोणत्याही विद्यापीठाचा नाही. जे वाचले ते स्वतःच्या ओढीने वाचले, आणि त्यातले बरेचसे उशिरा वाचले.

गेल्या वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पुतण्याला किल्ल्यावर घेऊन गेलो. तो पुण्यात अभियांत्रिकी शिकतो. शरभाकडे बराच वेळ पाहून त्याने विचारले, "काका, याला हरवतं कोण?"

उत्तर मला पाठ होते. हिरण्यकशिपूला नरसिंहाने मारले. नरसिंहाचा क्रोध आवरेना, तेव्हा शिवाने शरभाचे रूप घेऊन त्याला शांत केले, असे शैव पुराणे सांगतात. वैष्णवांना ते मानवणारे नव्हते. त्यांनी दोन तोंडांचा गंडभेरुंड पुढे आणला, जो शरभालाही भारी पडतो. पुतण्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "म्हणजे प्रत्येकाला कुणीतरी काउंटर आहे. मग शरभाच्या टीममध्ये गंडभेरुंडाला अडवणारा कोण?"

मी हसलो. शरभाला कसली टीम? पण प्रश्न डोक्यात राहिला. त्याच आठवड्यात त्याच्या खेळाबद्दल मी त्याला एक सल्ला दिला, आणि तो चुकीचा निघाला. प्रस्तुत लेख त्या चुकीची तपासणी आहे. खेळ पोकेमॉनचा आहे, म्हणून वाचकांनी पान उलटू नये अशी विनंती. चूक वाचनाची आहे, आणि ती आपण कविता वाचतानाही करतो.

१

मराठी घरांत पोकेमॉन हा शब्द शिरला तो मुख्यतः २००३ मध्ये, कार्टून नेटवर्कवर मालिका सुरू झाल्यावर. मोठ्यांना त्यातला फार तर पिवळा पिकाचू आठवतो. मूळ वस्तू मात्र व्हिडिओ गेम आहे. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये निन्तेंदोच्या 'गेम बॉय' या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी 'रेड' आणि 'ग्रीन' हे त्याचे पहिले दोन भाग निघाले. कर्ता सातोशी ताजिरी. तोक्योजवळच्या माचिदा इथे त्याचे बालपण किडे गोळा करण्यात गेले. दोन गेम बॉय जोडणारी केबल पाहून त्याला त्या तारेतून किडे इकडून तिकडे सरपटत जाताना दिसले, असे तो सांगत असे. पहिल्या भागांत १५१ जीव होते. आज ते हजारावर गेले आहेत.

या जीवांच्या लढतीचे नियम थोडक्यात सांगतो. प्रत्येक जीव एका किंवा दोन प्रकारांचा असतो. प्रकार एकूण अठरा: अग्नी, पाणी, वनस्पती, वीज, बर्फ, जमीन, ड्रॅगन वगैरे. पाण्याचा मारा अग्नीच्या जीवावर दुप्पट बसतो, वनस्पतीवर निम्मा. जमिनीच्या जीवावर विजेचा परिणाम शून्य. जीव दोन प्रकारांचा असेल तर गुणाकार होतो. ग्याराडोस नावाचा प्रचंड सर्प पाणी आणि उड्डाण या दोन्ही प्रकारांचा आहे. विजेचा मारा त्याला चौपट लागतो. गारचॉम्प ड्रॅगन आणि जमीन अशा जोडीचा. तो बर्फापुढे चौपट हतबल.

आता हिरण्यकशिपूचा वर आठवून पाहा. माणसाकडून नाही, पशूकडून नाही. दिवसा नाही, रात्री नाही. घरात नाही, बाहेर नाही. वर म्हणजे प्रतिकारांची यादीच आहे. नरसिंह हा त्या यादीत राहिलेली फट शोधून घडवलेला प्राणी आहे. पुराणकाराने संध्याकाळ आणि उंबरठा निवडला तो काव्यासाठी नव्हे. यादी वाचल्यावर तेवढीच जागा उरत होती. पुतण्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "हेच तर आम्ही रात्रभर करत बसतो."

फरक पुढे सुरू होतो. पुराणात प्रत्येक उत्तर एकटे येते आणि एकटेच लढते. म्हणून साखळी वाढत जाते आणि प्रत्येक नवा प्राणी आधीच्यापेक्षा विक्राळ होतो. पोकेमॉनच्या अधिकृत स्पर्धेत तसे करता येत नाही. तिथे खेळाडू सहा जीवांचा संघ लिहून देतो. प्रत्येक लढतीत त्यांतले चार निवडतो आणि मैदानात एका वेळी दोन उतरवतो. एकच जीव दोनदा घेता येत नाही, एकच वस्तू दोघांच्या हाती देता येत नाही, आणि प्रत्येकाला चारच चाली. हजारभर जीवांत एकही कमजोरी नसलेला शोधावा लागतो, आणि तो सापडला तरी त्याच्या बळावर लढत जिंकता येत नाही. म्हणजे खेळणाऱ्यापुढचा प्रश्न 'सर्वांत बलवान कोण' हा उरतच नाही. प्रश्न असा होतो, की याची उणीव कोण झाकेल आणि झाकणाऱ्याची कोण?

कबड्डी पाहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. सातही चढाईपटू घेऊन कोणी संघ उभा करत नाही. कोपऱ्यातला खेळाडू घोटा धरतो तो मध्यरक्षक मागून येणार या भरवशावर. तो भरवसा नसेल तर त्याची पकड म्हणजे फुकट दिलेला गुण.

२

संघ जुळवणे म्हणजे नुसती निवड नाही. प्रत्येक जीवाचे सहा गुण असतात: जीव, हल्ला, बचाव, विशेष हल्ला, विशेष बचाव आणि वेग. हे गुण वाढवायला खेळाडूला प्रत्येक जीवामागे ५१० अंक खर्चता येतात. एका गुणावर जास्तीत जास्त २५२. दोन गुण पुरेपूर भरले की सहा अंक उरतात. शिवाय पंचवीस स्वभाव आहेत. त्यांतले वीस एक गुण दहा टक्क्यांनी वाढवतात आणि दुसरा दहा टक्क्यांनी घटवतात. उरलेले पाच काहीच करत नाहीत. काही मिळवायचे तर काही सोडावे लागते. मोरोपंतांची आर्या मात्रा संपल्या की शब्द सोडते, तसाच हा हिशेब आहे.

नवखा खेळाडू हल्ला आणि वेग भरून टाकतो. जाणता खेळाडू आधी विचारतो, की यंदा समोर कोण येणार? एखादा मारा सर्रास दिसत असेल, तर तो झेलून जेमतेम जिवंत राहण्यापुरतेच अंक तो बचावात घालतो आणि उरलेले दुसरीकडे नेतो. माऱ्याची तीव्रता दर वेळी सारखी नसते. ८५ ते १०० टक्के या दरम्यानच्या सोळा शक्यतांपैकी एक येते. सोळांपैकी किती वेळा आपण वाचतो हे मोजून मगच तो आकडा ठरवतो. पुतण्याच्या वहीत अशा मोजणीची पानेच्या पाने आहेत. ती पाहून मला कंटाळा येईल असे वाटले होते, पण आला नाही. प्रत्येक आकड्यामागे न दिसणारा एक प्रतिस्पर्धी उभा होता.

म्हणून संघाला मी रचना म्हणतो, आणि ती समीक्षेचा विषय होऊ शकते असे मानतो. निव्वळ गणित असते तर एक उत्तर निघून खेळ संपला असता. पण यंदाचा विजयी संघ सगळे पाहतात, त्याला उत्तर शोधतात, आणि पुढच्या वर्षी तोच संघ जुना होतो. संघाचा अर्थ भोवतालच्या संघांवर अवलंबून असतो. तो काळाला बांधलेला मजकूर आहे.

उणीव हीदेखील ठरलेली गोष्ट नाही. 'ट्रिक रूम' नावाची एक चाल आहे. ती केली की पाच फेऱ्यांपुरता क्रम उलटतो: जो मंद तो आधी, जो चपळ तो मागे. गोगलगायीसारखा जीव एकाएकी सर्वांत आधी वार करतो. त्याचा वेग तसूभरही वाढलेला नसतो. सोबत्याने मैदानाचा नियम बदललेला असतो. मंदपणा हा दोष की गुण, हे त्या एका जिवाकडे बघून सांगता येत नाही. शेजारी कोण आहे ते बघावे लागते. हे वाक्य मी गेल्या वर्षी लिहू शकलो नसतो.

३

आता माझ्या चुकीकडे येतो.

पुतण्याचा आवडता जीव सनफ्लोरा. सूर्यफुलाला हातपाय फुटावेत तसा तो दिसतो. आमच्या आईच्या, म्हणजे त्याच्या आजीच्या, शेतात पूर्वी सूर्यफूल असायचे. सुट्टीत आला की तो बांधावर बसून ती फुले काढायचा. गेल्या दिवाळीत वसतिगृहातल्या मुलांच्या एका छोट्या स्पर्धेसाठी तो संघ जुळवत होता. तो आणि त्याचा खोलीतला मित्र दोन महिने सराव करत होते. सहापैकी पाच ठरले होते. सहाव्या जागेवर सनफ्लोरा घ्यावा असे मन म्हणत होते. वही नको म्हणत होती.

मी तेव्हा नुकतीच कुठेतरी पाचिरिसूची गोष्ट वाचली होती. २०१४ साली वॉशिंग्टन इथे झालेल्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क विजेता ठरला. त्याच्या संघात गारचॉम्प आणि ग्याराडोससारखे दांडगे जीव होते, आणि त्यांच्यासोबत पाचिरिसू नावाची एक इवलीशी खार. कोणी ढुंकून न पाहिलेला जीव. ती मैदानात उतरली की प्रेक्षक आनंदाने ओरडत. गोष्टीचा मथितार्थ असा, की जगाने दुबळा ठरवलेल्याला त्याने प्रेमाने जवळ केले आणि जग जिंकले.

अशी गोष्ट आपल्याला लगेच भिडते, कारण ती आपल्या ओळखीची आहे. या खेळातही तिचे मूळ आहे. १९९९ च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' या भागांत कॅरेन नावाचे पात्र सांगते, की बलवान आणि दुबळे हे लोकांचे समज आहेत. ज्याच्या अंगी खरे कसब आहे त्याने आपल्या आवडत्या जीवांसह जिंकून दाखवावे. लोक यातली आवड लक्षात ठेवतात आणि कसब विसरतात. मीही विसरलो. "घे तुझं सूर्यफूल," मी म्हणालो, "त्या कोरियन मुलानं काय केलं ते बघ."

पुतण्या पहिल्याच फेरीत बाहेर पडला. तिन्ही लढतींत त्याने सनफ्लोरा उतरवला होता. बक्षीस काही मोठे नव्हते. पण मित्र दोन महिने त्याच्याबरोबर रात्री जागला होता, आणि दोघांचे बोलणे काही दिवस बंद होते हे मला नंतर कळले. जानेवारीत फोनवर मी काहीतरी सांत्वनाचे बोलू लागलो, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "काका, तुम्ही त्याची गोष्ट वाचलीत. त्याची टीम वाचली नाहीत."

४

मग मी ती टीम वाचली. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुतण्या शेजारी बसला आणि ओळीओळीने समजावून दिली.

पाचिरिसू दुबळी आहे हे खरे. तिच्या सहा गुणांची मूळ बेरीज ४०५, गारचॉम्पची ६००. तिचा हल्ला अवघा ४५. गोष्ट सांगणारा इथे थांबतो. पण सेजुन पार्कने तिला काय करायला लावले ते पाहावे. तिची एक चाल 'सुपर फँग'. समोरच्याचा जितका जीव शिल्लक असेल त्याचा निम्मा ती घेते, मारणाऱ्याचा हल्ला कितीही असो. दुसरी चाल 'नझल'. तिची इजा किरकोळ, पण ती लागली की समोरचा लुळा पडतो आणि त्याचा वेग कोसळतो. तिथेही हल्ल्याचा आकडा गौण. तिसरी 'फॉलो मी'. त्या फेरीत सोबत्यावर रोखलेला मारा ती स्वतःकडे ओढून घेते. इथे हल्ल्याचा प्रश्नच नाही. म्हणजे ४५ हा आकडा खरा असूनही त्याचे ओझे तिच्यावर कुठेच पडले नाही. तिला जे जमत नव्हते ते तिला कोणी करायलाच सांगितले नव्हते.

आता सोबती पाहावेत. ग्याराडोसला विजेचे चौपट भय. पाचिरिसूकडे 'व्होल्ट ॲब्सॉर्ब' ही क्षमता. वीज तिला इजा करत नाही, उलट तिचा गेलेला जीव भरून काढते. ग्याराडोसवर रोखलेली वीज खार स्वतःवर ओढणार आणि वर ताजीतवानी होणार. खारीच्या आडोशाला ग्याराडोस आपले बळ वाढवून घेणार. तिचे अंक हल्ल्यात न घालता टिकाव धरण्यावर खर्च केलेले होते, कारण तिचे काम उभे राहण्याचे होते. शिवाय त्या वर्षीच्या नियमांनुसार कालोस या प्रदेशातलेच ठरावीक जीव चालत; तिच्यासारखे मारा ओढून घेणारे फारसे हाताशी नव्हते. नेमक्या त्या वर्षी, नेमक्या त्या सोबत्यांमध्ये ती जागा खारीची होती.

यात प्रेम नव्हते असे मी म्हणत नाही. सेजुन पार्कच्या मनात काय होते हे त्याच्या संघावरून ठरवता येणार नाही. पण संघात जे दिसते ते काटेकोर वाचन आहे. इतरांनी ४०५ हा आकडा वाचला आणि पान उलटले. त्याने चार चाली, एक क्षमता आणि शेजारचा सर्प एकत्र वाचला. दुबळ्याचा विजय म्हणून ही गोष्ट सांगितली की आपण खारीवर उपकार केल्यासारखे बोलतो आणि तिने केलेले काम झाकले जाते. कौतुकाने केलेला हा अन्यायच आहे.

आणि सनफ्लोरा? त्याचेही वाचन आम्ही केले. त्याचा विशेष हल्ला १०५, म्हणजे चांगला. वेग ३०, म्हणजे फार कमी. 'क्लोरोफिल' या क्षमतेमुळे कडक उन्हात त्याचा वेग दुप्पट होतो. सोबत्याने ऊन पाडले की झाले, असे वाटते. पण हीच क्षमता व्हीनसॉरलाही मिळू शकते. त्याचा मूळ वेग ८० आणि विशेष हल्ला १००. उन्हाने दोघांचाही वेग दुप्पट झाला तरी सनफ्लोरा मागेच. शिवाय त्याच उन्हात अग्नीचा मारा दीडपट होतो आणि सनफ्लोरा आगीला आधीच दुप्पट भितो. जे ऊन त्याला पळवते तेच त्याच्या शत्रूलाही बळ देते. 'ट्रिक रूम'मध्येही पाहिले. मंद असून त्याहून जोरात मारणारे इतर बरेच निघाले.

'जे दुसऱ्या कुणाला जमणार नाही असे तू काय करतोस?' पाचिरिसूला हा प्रश्न विचारला तेव्हा उत्तर मिळाले होते. सनफ्लोराकडून आम्हाला मिळाले नाही. मी चिकटून होतो. आजीच्या शेताचा विषय काढला. पुतण्या म्हणाला, "ते आहेच की काका. पण ते माझ्यात आहे, त्याच्यात नाही." त्याने सनफ्लोरा काढून टाकला नाही. धाकट्या बहिणीशी खेळताना तो अजून त्यालाच घेतो. स्पर्धेच्या संघात मात्र घेत नाही. त्याच्या मित्रानेही यंदा पुन्हा सराव सुरू केला आहे.

५

समीक्षेत आपण सनफ्लोराची चूक वारंवार करतो असे मला वाटते. एखादा दुर्लक्षित कवी सापडला की त्याच्यावरील अन्यायाची गोष्ट आपण सांगतो. त्याची ओळ नेमके काय करते आणि तिच्या शेजारी कोण लिहीत होते, हे सांगायचे राहते. गोष्टीवर टाळ्या पडतात आणि कवी पुन्हा न वाचलेलाच राहतो. मी स्वतः दोन लेख असे लिहिले आहेत.

शरभाच्या बाबतीत तर माझी चूक आठ वर्षे चालली. माझ्या वह्यांत प्रत्येक शिल्पाची लांबी-रुंदी आहे, पंजांची ठेवण आहे, शेपटीचा बाक आहे, झीज किती झाली तेही आहे. शरभ मी भिंतीतून कापून वहीत आणला होता. तो दरवाजाच्या कोणत्या अंगाला आहे, चढून येणाऱ्याला कोणत्या वळणावर प्रथम दिसतो, त्या जागेवर कोणत्या बुरुजाचा मारा पोहोचतो, यांपैकी एकाही गोष्टीची नोंद मी केली नव्हती. शरभ हा एकट्याने सर्वांना पुरून उरणारा पशू, अशी गोष्ट मी पुराणातून उचलली होती आणि त्याला तसाच एकटा पाहत राहिलो. किल्ला बांधणाऱ्याने मात्र दरवाजा राखायचे काम एकट्या शरभावर सोडले नव्हते. त्याने बुरूज बांधले, तटबंदी घातली, आणि मग शरभ कोरला.

पावसाळा सरल्यावर मी नवी वही घातली आहे. यात शिल्पाच्या मापांआधी तीन रकाने आहेत: डावीकडे काय, उजवीकडे काय, समोरून येणारा कुठून येतो. पहिली चार पाने भरली आहेत. दिवाळीला पुतण्या आला की दोघे मिळून दरवाजाचा आराखडा काढणार आहोत. टेप धरायला दुसरा माणूस लागतोच.